साळवे सर आणि वळताना अडणारी गाडी

साळवे सरांचा आवाज काढणं एकदम सोपं. हनुवटी छातीकडे ओढायची, अर्धा आवाज नाकातून सोडायचा आणि प्रत्येक वाक्याआधी "थांबा, थांबा" म्हणायचं, समोरचा आधीच थांबलेला असला तरी. मग उजव्या हाताचा पंजा वर करायचा, चौकातल्या पोलिसासारखा. आणि मग पाच सेकंद काहीच बोलायचं नाही. त्या पाच सेकंदांत समोरच्याला वाटायला लागतं की आपण काहीतरी घोळ घातलाय. ही पाच सेकंदं जमली की साळवे सर जमले. बाकीचं सगळं किरकोळ. शर्टाच्या खिशातला पांढरा खडू, त्याने कायम पिठाळलेला खिसा, आणि विचार करताना वर जाणारी एकच भुवई. डावी.

मला हे सगळं नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी जमलं. पहिल्या दिवशी मी घाबरलेलो होतो, नाहीतर तेव्हाच जमलं असतं.

नोकरी जर्मनीत, आखन शहराच्या बाहेर, गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एका कंपनीत. मोठमोठी गिऱ्हाइकं बाजारात न आलेल्या गाड्या आमच्याकडे पाठवायची आणि आम्ही त्या महिना महिना छळायचो. साळवे सर तिथे सात वर्षं होते, पण कंपनीचे नव्हते. एका एजन्सीने त्यांना भाड्याने दिलेलं होतं. दर मार्चला करार संपायचा, दर मार्चला पुन्हा व्हायचा, आणि दर फेब्रुवारीत ताईंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, झोप उडायची. ही नोकरी मला सरांनीच मिळवून दिली होती. आमच्या साहेबांकडे त्यांनी शब्द टाकला होता. परतूरहून आईचा फोन आला की जय भीम झाल्याबरोबर पहिला प्रश्न, साळवे साहेब कसे आहेत. मी कसा आहे हे नंतर. ते तिथे आहेत म्हटल्यावर तिला माझी काळजी नव्हती. आपला माणूस आहे, म्हणायची.

आपल्या माणसाचा एक विचित्र नियम होता. गाडीत बसलं की मी "तुम्ही", गाडीतून उतरलं की मी "तू". दार लावल्याचा आवाज झाला की लगेच, "निलेश, तुम्ही बेल्ट लावला का." उतरलो की, "चल रे, कॉफी पाज." मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, गाडीत आपण दोघं साक्षीदार असतो, साक्षीदाराला अरेतुरे करायचं नसतं.

त्यांचं खरं वेड म्हणजे वळण. सरळ रस्त्यावर कुठलीही गाडी सज्जनच असते, असं ते म्हणायचे. तिचं पोटातलं बघायचं असेल तर स्टिअरिंग टोकापर्यंत वळवा आणि पायी चालण्याच्या वेगाने गोल गोल फिरवा. रोज सकाळी ऑफिसला येताना, त्यांच्या घराजवळच्या गोल चौकाला, ज्याला तिकडे क्राइझेल म्हणतात, ते स्वतःच्या जुन्या गाडीने तीन फेऱ्या मारायचे. खिडकी खाली, रेडिओ बंद, मान बाहेर. मुलगी आर्या मागच्या सीटवर शाळेचं दप्तर डोक्यावर धरून लपलेली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच. "पापा, बिट्टे," म्हणजे प्लीज, एवढंच म्हणायची, आणि त्यात दहा वर्षांच्या पोरीची सगळी अब्रू असायची. एक म्हातारी बाई कुत्रं घेऊन रोज तिथे उभी असायची. चार दिवस तिने पाहिलं आणि पाचव्या दिवशी हात करून गाडी थांबवली. सरांना वाटलं आता ओरडा. तर बाईने हळूच विचारलं, बाळा, तुला नक्की कुठे जायचंय. सरांनी उतरून तिला गाडीच्या पुढच्या सांध्याचा आवाज कसा असतो ते समजावलं. सांधा गेला की पूर्ण वळणावर टक टक टक करतो, लाकडावर नख आपटावं तसा. बाई पण खमकी. म्हणाली, माझा गुडघा अस्साच करतो. पुढे रोज ती हात करायची आणि सर खिडकीतून ओरडायचे, आज टकटक नाही.

हा किस्सा मी सांगायचो तेव्हा तिघांचेही आवाज काढायचो. कुत्र्याचा पण.

तिथल्या मराठी मंडळींपैकी कोणाची गाडी बिघडली की शनिवारी दुपारी ती सरांच्या बिल्डिंगखालच्या पार्कप्लाट्झवर, म्हणजे गाड्या लावायच्या जागेत, यायची. त्यातले देशपांडे मला चांगले आठवतात. सॉफ्टवेअरवाले, पुण्याचे, चारही चाकांवर ताकद जाणारी मोठी जुनी गाडी, आणि तोंड असं की घरात कोणी गेलंय. गाडी वळताना अडते म्हणाले. घराखालच्या गॅरेजमधून काढताना कोणीतरी हँडब्रेक अर्धा ओढून ठेवल्यासारखं होतं, टायर किंचाळतात. वर्कशॉपने सांगितलं होतं की आतलं सगळंच बदलावं लागेल.

सरांनी पंजा वर केला. थांबा, थांबा. आधी गाडी रस्त्यावरून फिरवून आणली आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघितला. ब्रेक चिकटला असता तर एक चाक चुलीसारखं तापलं असतं, नव्हतं तापलं. मग पूर्ण वळणावर कान लावला, टकटक नव्हती. इंजिन चालू ठेवून उभ्या उभ्या स्टिअरिंग फिरवून बघितलं, लोण्यासारखं. मग खिशातून खडू काढला. पुढच्या टायरवर एक रेघ, खाली डांबरावर एक रेघ. गाडी हाताने ढकलून चाक एक पूर्ण वळसा फिरवलं, परत डांबरावर रेघ. मागच्या चाकाचं तसंच. आणि ताईंच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणून दोन्ही अंतरं मोजली. तीन सेंटीमीटरचा फरक.

देशपांड्यांनी पुढचे दोनच टायर नवे टाकले होते. मागचे अजून चांगले होते ना, म्हणाले. आपल्याकडे कोण चारही एकदम बदलतं. सर खाली बसूनच होते. त्यांनी वर बघून सांगितलं, एका पायात नवी चप्पल आणि एका पायात झिजलेली घालून दिवसभर चाला, संध्याकाळी कंबर काय म्हणते ते मला कळवा. पुढची चाकं वेगळं अंतर तोडतात, मागची वेगळं, आणि मधला क्लच बिचारा दोघांमध्ये पिचतो. देशपांड्यांनी चारही टायर सारखे केले आणि गाडी मुकाट वळायला लागली. त्यांनी पेढे आणले होते. सरांनी एक खाल्ला आणि खडूच्या हाताने खाल्ला, त्यामुळे पेढ्याची चव कळली नाही म्हणाले.

आधी हात, मग कान, मग बूड, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्युटर. हा त्यांचा क्रम. बूड म्हणजे खरोखरच बूड. सीटवर बसलेल्या माणसाला गाडीचं जे कळतं ते वायरीला कळत नाही, असा त्यांचा दावा होता. आणि गंमत म्हणजे जर्मन मेकॅनिकांकडे यासाठी शब्दच आहे, पोपोमीटर. पोपो म्हणजे बूड, पुढचं तुम्हाला कळलं. फरक एवढाच की जर्मन माणूस तो हसत हसत म्हणतो आणि आमचे सर गंभीरपणे.

आमचे साहेब होते फोग्ट. हेर फोग्ट, हेर म्हणजे तिकडचं श्रीयुत. माणूस वाईट नव्हता, हे लिहायला मला त्रास होतो पण नव्हता. वक्तशीर, उंच, वाढदिवसाला स्वतः केक करून आणणारा. त्याला आकडे लागायचे. सर आकडे द्यायचेच, पण आकड्यांच्या आधी ते गोष्ट सांगायचे, आणि फोग्टचा तिथपर्यंत धीर संपायचा.

एकदा तर त्यांनी कमाल केली. नवीन आलेल्या चार पोरांना, सगळे जर्मन, हे कळेना की वळणावर मागच्या चाकांची ताकद सैल का सोडावी लागते. सरांनी चौघांना जेवणाच्या सुट्टीत बाहेर उभं केलं. दोन पुढे, दोन मागे, ही चार चाकं. मधे अंतर एका हाताचं. सगळ्यांनी सारखीच पावलं टाकायची, एका तालावर. आणि ताल देणार साळवे सर. त्यांना जर्मनमध्ये कवायत येत नव्हती. त्यांना सव्वीस जानेवारीची येत होती. "एक-दो, एक-दो, एक-दो-एक." चार गोरे इंजिनिअर डांबरावर लेफ्ट-राइट करतायत आणि सर खडू उंच धरून शेजारून पळतायत. सरळ रेषेत एकदम झकास. मग सरांनी घट्ट वळायला सांगितलं. पुढच्यांना मोठा गोल पडला, मागच्यांना छोटा, आणि पावलं मात्र सारखी, म्हणून मागचे पुढच्यांच्या टाचांवर चढले. एकाचा बूट निघाला. सरांनी पंजा वर केला. "थांबा, थांबा. आता कळलं? ही गाडी अडली."

वरच्या खिडकीतून सगळं ऑफिस बघत होतं. फोग्टसुद्धा. त्याच्या शेजारी मी उभा होतो आणि मी मनातल्या मनात एक-एक हालचाल पाठ करत होतो.

डिसेंबरात ऑफिसची नाताळची पार्टी असते. गरम वाइन, सॉसेज, आणि तिसऱ्या ग्लासानंतर कोणीतरी काहीतरी करून दाखवायचं. मी साळवे सर करून दाखवले. पंजा, पाच सेकंद, भुवई, खडू, एक-दो-एक. आणि शेवटी अडलेल्या गाडीचा कण्हण्याचा आवाज, घशातून, म्हैस उठायला नको म्हणते तसा. हॉल पडला हसून. फोग्टला खुर्ची धरावी लागली. मी चोरून सरांकडे बघितलं. सर सगळ्यात जास्त हसत होते, चष्मा काढून डोळे पुसत होते. नंतर जवळ येऊन म्हणाले, "एक-दो जरा कमी पडतं रे तुझं, बेंबीच्या देठापासून आलं पाहिजे." त्यांना खरंच राग आला नव्हता. हे मी माझ्या बचावासाठी सांगत नाहीये. उलट, राग आला असता तर बरं झालं असतं.

कारण जानेवारीपासून तो आवाज ऑफिसभर झाला. सर मीटिंगमध्ये हात वर करायचे आणि कोपऱ्यातून कोणीतरी हळूच म्हशीसारखं कण्हायचं. कँटीनच्या रांगेत एक-दो. सर हसायचे. पोरांना आनंद होतो म्हणायचे.

त्याच महिन्यात फोग्टने सरांना बोलावून सांगितलं की या वर्षी एक कायमची जागा आहे. कंपनीची, एजन्सीची नाही. जागेसाठी त्याला वर एक कारण दाखवावं लागणार होतं, म्हणून म्हणाला, बास्कर (सरांच्या नावातला भ त्याला कधी जमला नाही), स्वतःच्या नावावरचा एक तरी दोष शोधून दे, जो दुसऱ्या कोणाला सापडला नाही. सर त्या दिवशी गाडीतून उतरल्यावरही मला "तुम्ही" म्हणाले, इतके हरवले होते. मार्चमध्ये तोच करार परत मिळण्याची या वेळी खात्री नव्हती, एजन्सीची माणसं कमी करायची होती. म्हणजे एक तर कायमचे, नाहीतर बाहेर. हे ताईंना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि आर्यालाही कळलं असावं, कारण तिने क्राइझेलवर दप्तर डोक्यावर घ्यायचं बंद केलं.

दोष सापडला फेब्रुवारीत. गिऱ्हाइकाच्या चार गाड्या होत्या, चारही चाकांवर ताकदवाल्या, दोन आठवड्यांनी परत द्यायच्या. सगळ्या चाचण्या पास. पण सरांचं म्हणणं की त्यातली एक गाडी थंड असताना सरळ वागते, आणि चाळीस मिनिटं गोल फिरवून तापवली की वळताना अडायला लागते. मागच्या चाकांना ताकद देणारा क्लच सुटायला पाहिजे तेव्हा सुटत नाही. कॉम्प्युटर म्हणत होता, सुटतोय. सर म्हणाले, कॉम्प्युटरला फक्त एवढंच माहीत आहे की सुट असा हुकूम गेला. हुकूम गेला म्हणजे पाळला असं कोणी सांगितलं. क्लचच्या आतली खरी ताकद मोजायचं यंत्र बसवायचं तर गाडी उघडावी लागणार, आणि गाडी उघडायची तर आधी लेखी संशय पाहिजे. आणि लेखी संशयाला तिकडे चार डोळे लागतात. म्हणजे दोन माणसं, दोन सह्या. एकट्या माणसाचं म्हणणं हे नुसतं म्हणणं.

दुसरे दोन डोळे माझे होते.

त्या दिवशी थंडी होती पण डांबर कोरडं होतं. दुपारी आम्ही ट्रॅकच्या मागच्या मोकळ्या जागेवर गेलो. सर तिकडच्या रीतीने डावीकडे बसून चालवत होते, मी शेजारी उजव्या सीटवर. डावीकडे पूर्ण स्टिअरिंग, गोल, गोल, गोल.  पंधरा मिनिटांनी मला जेवण वर यायला लागलं. पस्तिसाव्या मिनिटाला कुठेतरी सीटखालून एक ओढ जाणवली. लहानपणी सायकलच्या कॅरियरला मागून कोणी धरलं की जाणवायची तशी. सरांनी गाडी न्यूट्रलला टाकली. सकाळी हीच गाडी न्यूट्रलवर अर्धा गोल आरामात घरंगळली होती. आता पाव गोलातच रुतल्यासारखी थांबली आणि सरांनी ब्रेकला पायही लावला नव्हता. परत केलं. परत थांबली. तिसऱ्यांदा टायर किंचाळले.

मी तोंड उघडलं. सरांनी पंजा वर केला. "थांबा, थांबा. सांगू नका. लिहा."

ही त्यांची पद्धत होती. दोघांनी आपापल्या वहीत लिहायचं आणि एकमेकांना दाखवायचं नाही, विचारायचंही नाही, थेट प्रोटोकोलमध्ये, म्हणजे चाचणीच्या अहवालात, उतरवायचं. शाळेत दुसऱ्याचं बघून लिहिलेला पेपर जसा रद्द, तसं हे, म्हणायचे. एकदा विचारलं की दुसरा माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतो. मी वहीत लिहिलं, अडते. खाली अजून एकदा लिहिलं, नक्की अडते. वही खिशात टाकली. सर उतरले, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले. चल रे, म्हणाले, आज कॉफी माझ्याकडून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफीच्या मशीनपाशी होतो, प्रोटोकोल भरायचा बाकी होता. फोग्ट आला. गाड्या वेळेवर गेल्या नाहीत तर त्याची मानगूट धरली जाणार होती, ते त्याच्या चेहऱ्यावर होतं. त्याने दार ढकललं आणि विचारलं, निलेश, खरं सांग, तुला काही जाणवलं की हे सगळं बास्करचं पोपोमीटर.

साधा प्रश्न होता. या किंवा नाइन, म्हणजे हो किंवा नाही, दोन्हीपैकी एक शब्द. माझी प्रोबेत्साइट, म्हणजे नोकरी पक्की होण्याआधीचे सहा महिने, संपायला तीन आठवडे होते. पण ते कारण मी नंतर शोधलं. त्या क्षणी खरं सांगायचं तर एवढंच झालं की समोर एक माणूस होता, त्याला हसवता येत होतं, आणि मला ते येत होतं. मी पंजा वर केला. पाच सेकंद थांबलो. डावी भुवई. मग घशातून ती म्हैस.

फोग्ट इतका हसला की कॉफी त्याच्या बाहीवर सांडली. त्याने माझ्या खांद्यावर थाप मारली आणि गेनाऊ, गेनाऊ, अगदी बरोबर, म्हणत गेला. त्याला उत्तर मिळालं होतं. मी दिलं नव्हतं, पण त्याला मिळालं होतं.

त्यानंतर जागेवर जाऊन बसलो. प्रोटोकोलमध्ये दुसऱ्या साक्षीदारासाठी तीन चौकोन असतात. जाणवलं. जाणवलं नाही. स्पष्ट नाही. आता पहिल्या चौकोनात खूण करायची तर परत फोग्टकडे जाऊन सांगावं लागलं असतं की मी मघाशी नुसती मस्करी केली. मी तिसऱ्या चौकोनात खूण केली आणि सही केली. खोटं पण नाही असं वाटलं. स्पष्ट नाही, म्हणजे काहीही असू शकतं.

मीटिंग सोमवारी होती. सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि खिशात खडू नव्हता. या वेळी गोष्ट सांगायची नाही असं ठरवून आले होते. आकडे, तापमान, किती मिनिटांनी, किती अंतरात थांबली, सगळं ओळीने. एकदाही थांबा म्हणाले नाहीत. मग म्हणाले, आता दुसऱ्या साक्षीदाराचं बघू, आणि पान उलटलं. ते पान त्यांनी आधी पाहिलंच नव्हतं. पद्धतच तशी होती ना.

त्यांनी वाचलं. परत वाचलं. चष्मा काढला, पुसला, घातला. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत होतो. सरांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात संशय असता तर मी आज हे लिहिलं नसतं. ते माझ्याकडे असं बघत होते जसं एखादा माणूस वजनकाट्याकडे बघतो, हे आपलं खरं वजन आहे होय, असं.

"आल्झो, असं तर," ते म्हणाले, "मग माझ्याच बुडाचा दोष असेल."

सगळे हसले. विनोद वाटला त्यांना. कोपऱ्यातून कोणीतरी कण्हलंसुद्धा. सरांनी कागद गोळा केले, कडा जुळवल्या. फोग्ट चांगुलपणाने म्हणाला, होतं असं, चाळीस मिनिटं गोल फिरलं की कोणालाही काहीही वाटेल.

गाड्या वेळेवर गेल्या. सर मार्चअखेर गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी केक आणला होता, तिकडची रीत, जाणाऱ्यानेच आणायचा. मला मोठा तुकडा दिला. "घ्या," म्हणाले. आम्ही कँटीनमध्ये उभे होतो, गाडीत नव्हतो. मी धरून चाललो की त्यांना कळलंय आणि ते रागावलेत. रागावलेल्या माणसाला टाळणं सोपं असतं. मी वर्षभर टाळलं. आईला सांगितलं, साळवे साहेबांना दुसरीकडे चांगली जागा मिळाली. जागा म्हणजे औषधांच्या गोडाऊनमध्ये खोकी स्कॅन करायची. आर्याला शाळा बदलायला लागू नये म्हणून त्यांनी मिळेल ते घेतलं होतं.

देशपांड्यांकडून अधूनमधून कळायचं. सर आता गाडीला हात लावत नाहीत, म्हणाले. कोणी शनिवारी आलंच तर खालीसुद्धा उतरत नाहीत, वर्कशॉपला दाखवा म्हणतात, माझं काही खरं नाही. स्वतःची गाडीही विकली. बसने जातात.

पुढच्या वसंतात गिऱ्हाइकाकडून गाडी परत आली. वळताना अडते, तापल्यावर. या वेळी क्लच उघडला, आत ताकद मोजायचं यंत्र बसवलं आणि आलेख पडद्यावर आला. एका जर्मन सहकाऱ्याने अर्धा तास सुंदर समजावून सांगितलं. प्लेटा तापल्या की एकमेकींना चिकटतात. टाळ्या वाजल्या. फोग्टने माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. कोणीही कण्हलं नाही.

त्या रविवारी मी सरांकडे गेलो. फोन करून गेलो, तिकडे न सांगता जात नाहीत, आणि खरं तर ते नको म्हणतील अशी आशा होती. नको म्हणाले नाहीत. ताईंनी दार उघडलं, किती बारीक झालास म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. सर सोफ्यावर होते. केस बरेच पांढरे. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. गाडी परत आली, क्लच उघडला, तुम्ही म्हणाला होतात तेच निघालं.

ते पुढे सरकले. "तापल्यावरच?"

हो म्हटलं.

"प्लेटा चिकटत होत्या?"

हो.

त्यांची डावी भुवई वर गेली. बऱ्याच दिवसांनी गेली असावी, कारण स्वयंपाकघराच्या दारातून ताई बघत राहिल्या. सरांनी टीपॉयवरून आर्याची पेन्सिल घेतली आणि तिच्या वहीच्या मागच्या पानावर एक गोल काढला. मग त्यात गाडी काढली, चार चाकं, दोन माणसं. मला वाटलं क्लचबद्दल काहीतरी काढतायत.

"मी तेव्हापासून एकच विचार करतोय," ते म्हणाले, "की मग तुम्हाला का नाही जाणवलं. आता बघा. आपण डावीकडे फिरत होतो. तुम्ही इथे, उजव्या सीटवर, म्हणजे गोलाच्या बाहेरच्या बाजूला. गाडीचं वजन बाहेर कलतं. तिथं टायर दाबलेला, मग हिसका सीटपर्यंत कमी पोचत असणार. तसं असेल ना? म्हणजे तुमचं पण बरोबर आणि माझं पण." पेन्सिलीने ते बाहेरच्या बाजूला बाण काढत होते. एक, दोन, तीन. चौथा बाण काढताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी हो म्हणावं म्हणून.

हो म्हणता आलं असतं. सगळं आयतं काढून दिलं होतं त्यांनी.

"सर, मला जाणवलं होतं," मी म्हणालो. "तेव्हाच. मी वहीत लिहिलं पण होतं."

पेन्सिल कागदावरच राहिली. बराच वेळ. पाच सेकंदांपेक्षा खूप जास्त.

"म्हणजे गाडी अडत होती," ते म्हणाले.

"हो."

"आणि मला बरोबर कळत होतं."

 का असं केलंस हे ते विचारतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यासाठी मी बसमध्ये चार-पाच वाक्यं तयार करून आणली होती, त्यातलं एक बऱ्यापैकी खरं होतं. त्यांनी विचारलं नाही. वही मिटली, पेन्सिल तिच्यावर ठेवली. ताई चहा घेऊन आल्या तेव्हा ते उठले.

"घेऊ दे त्याला चहा," ते ताईंना म्हणाले आणि बाल्कनीत गेले. काचेचं दार मागे ओढून घेतलं, हळू, आवाज न करता.

आर्या खोलीतून आली, माझ्याकडे बघितलं, काचेतून पाठीकडे बघितलं आणि आईला जर्मनमध्ये विचारलं, पापांना काय झालं. ताईंना माहीत नव्हतं. मी मान खाली घालून चहा पीत राहिलो. चहात आलं होतं आणि तो खूप गरम होता, तरी मी सगळा प्यायलो.

खाली पार्कप्लाट्झवर कोणीतरी गाडी काढत होतं. जागा कमी होती, घट्ट वळावं लागत होतं, टायरचा आवाज काचेतूनही वर आला. सर कठड्याला धरून थोडे वाकले. ते कान देऊन ऐकत होते की नुसतेच उभे होते, मला पाठीवरून कळलं नाही.